चिपटंभर

वसमत रोडच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर
सकाळपासून मी येसर भाजायलेय.
धन्याचा वास जिना उतरून गेलाय,
खालच्या क्लासची पोरं शिंकत वर बघतात.

समोर कागद आहे. एका बाजूला छापील:
जप्त केलेल्या मापांची यादी, तालुका जिंतूर.
साल एकसष्ट, तारीख वाळवीनं नेली.
लोखंडी शेर तीन, अधोली एक, लाकडी मापटी पाच.
खाली बाबांची सही, गोगलगायीसारखी.

पाठीमागे आईचं अक्षर, चौथीपर्यंतचं,
शब्दाला शब्द चिकटलेला:
ज्वारी एक शेर. गहू मापटंभर.
हरभऱ्याची डाळ चिपटं, धने तेवढेच.
खोबरं दोन आण्याचं.
मिरच्या पाहून.

पाहून म्हणजे काय पाहून, आई?
मिरच्यांचा रंग, की जेवायला कोण कोण आहे ते?
आणि नवे पैसे येऊन चार वर्षं झाली होती,
तू अजून आण्यातच.

बाबा वजनमापे खात्यात.
बाजाराच्या दिवशी टेबल मांडून बसायचे,
जुनं माप आलं की हातोडीनं काठ चेपायचे.
शेर गावागणिक बदलतो, म्हणायचे,
जिंतूरचा निराळा, सेलूचा निराळा,
किलो मात्र दिल्लीतही किलोच.

आणि घरी, पिठाच्या डब्यात
आईचं पितळी चिपटं, माहेरचं, काठाला पोचा,
बिनशिक्क्याचं.
एका रात्री, आई तापानं पडलेली असताना,
ते बाबांच्या हाताला लागलं.
कंदिलाशी नेऊन त्यांनी तळ उलटा केला,
शिक्का शोधला. बराच वेळ.
मग होतं तसं पिठात खुपसून ठेवलं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
पाट मांड.

मी इलेक्ट्रॉनिक काटा आणलाय.
ग्रॅमच्याही पुढचा एक आकडा दाखवतो.
तीनदा केली आमटी, तीनदा हिशेब बदलून.
पहिली घट्ट. दुसरीत नुसती लवंग.
तिसरी चांगली झाली, रेहाना आपांनी दोनदा घेतली,
पण चांगली म्हणजे ती नव्हे.

चिपटं असतं तर.
ते मीच दिलं, चौऱ्याऐंशीत, दारावरच्या भांडेवालीला.
पितळेवर पितळ चढवत गेली तिची तागडी,
आणि मी घासाघीस करून एक स्टीलचा डबा मिळवला,
झाकण घट्ट बसतं म्हणून खूश.
आज येसर त्याच डब्यात आहे.
झाकण अजून घट्ट बसतं.

दुपारी लातूरहून दत्तूभाऊचा फोन.
काय करायलीस?
सांगितलं.
हसला. अगं, ती आमटी कुठं चांगली होती?
पाणी नुसतं. नऊ जणं जेवायला,
बाबांचा पगार पंधरवड्यात संपायचा.
भाकरी कुस्करली की तरंगायची.
मी तोंड वाकडं करून खायचो, आठवत नाही तुला?

नव्हतं आठवत.

फोन ठेवला. गॅस पुन्हा लावला.
एक तांब्या पाणी ओतलं. मग आणखी एक.
तिसऱ्याला हात थबकला, तरी ओतला.
काटा शून्यावर बसून होता, त्याला विचारलं नाही.
मीठ टाकलं, उकळी येऊ दिली,
पळीतली तळहातावर घेऊन चाटली.

जिभेच्या पार मागे कुठंतरी
पाट सरकल्याचा आवाज झाला.
एक. मग दुसरा.

आता हे एवढं पातेलं आहे
आणि मी एकटी.
परातीत पीठ घेते, मुठीनंच.
रेहाना आपांचं दार वाजवायचंय.
खाली क्लास सुटायला दहा मिनिटं आहेत,
पोरं किती येतात तिथं
कधी मोजली नाहीत.